पळाली पाहिजे आणि संध्याकाळी घरीही आली पाहिजे

पत्र असं आहे, थोडं छाटून देतोय:

"काका, उचगावात आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा. वडिलांच्या एका गाडीच्या आता नऊ झाल्यात. चार बारा-चाकी शिरोली एमआयडीसीतून चाकणला कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतले ओतीव लोखंडी भाग, नेतात. तीन सहा-चाकी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत फाउंड्री ते मशिनशॉप अशा फिरतात, एकेक गाडी दिवसाला नव्वद-शंभर किलोमीटर. एक मार्केट यार्डात गुळाला असते. एक सहा-चाकी आंबा घाटातनं रत्नागिरीला जाते, येताना चिरा आणते. आता चाकणच्या कंपनीनं सांगितलंय, पुढच्या करारात ज्याच्याकडं इलेक्ट्रिक गाड्या त्याला पहिलं भाडं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तो म्हणतो, दोन मोठ्या इलेक्ट्रिक घेऊ, डिझेलचा खर्च निम्म्यावर येतो, सरकार अनुदानही देतंय. मी म्हणतो, घाटात बंद पडली तर ढकलायला कोण येणार? महिना झाला, आम्हा दोघांची बोलाचाली बंद आहे. त्याची आई निरोप पोचवते. त्यात आमचा अठरा वर्षांचा जुना ड्रायव्हर म्हणतोय, इलेक्ट्रिक आली तर मी दुसरीकडं जातो. मी जुन्या खोडाचा म्हणून अडवतोय का? काय करू? — एक लॉरीमालक, उचगाव"

मालक, राम राम.

जुनं खोड वगैरे काही नाही. तुमच्याकडं शंका बऱ्याच असणार, पण घाटाची शंका त्यातली सगळ्यात कच्ची. मुलाकडंही चांगले मुद्दे असणार, पण "खर्च निम्म्यावर" हा त्यातला सगळ्यात कच्चा. तुम्ही दोघांनी नेमके हेच दोन घेऊन महिनाभर अबोला धरलाय. मला मोटारीतलं फार कळत नाही. लक्ष्मीपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गादीवर बावीस वर्षं बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडल्या, भाडं, वाराई (हमाली) आणि हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचे पैसे) लिहिलं, आणि चांगल्या चालणाऱ्या गाड्यांचे मालक बुडताना पाहिले. त्यामुळं माझं सगळं बोलणं वहीतनं येणार, ते तसंच धरा.

आधी घाट, म्हणजे तो विषय मिटेल. इलेक्ट्रिक मोटरला चढ जड जात नाही. उलट जाग्यावरनं उचलताना ती डिझेलपेक्षा बरी ओढते. पहिल्या गिअरात क्लच जाळत चढण्याचा प्रकारच नाही, कारण क्लचच नसतो. प्रश्न चढ खातो किती याचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. चिरा भरलेली अठरा टनांची सहा-चाकी रत्नागिरीहून वर आणायची तर नुसती उंची चढायलाच सव्वीस-सत्तावीस युनिट वीज लागते. मोटरमधली गळती धरली तर तीस. रस्ता कापायला लागते ती वेगळी. म्हणजे आंबा घाट गाडी बंद पाडत नाही, पण बॅटरीतलं तीस-पस्तीस किलोमीटरचं अंतर चावून खातो. उतरताना तीच मोटर उलटी चालून थोडी वीज परत भरते आणि ब्रेकचे लायनर घासत नाहीत, ही मात्र खरी मजा आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: कोल्हापुरातनं बॅटरी काठोकाठ भरून निघालात आणि लगेच मोठा उतार लागला, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो. मलकापूर सोडेपर्यंत बॅटरीत थोडी रिकामी जागा असली पाहिजे.

तुमच्या त्या गाडीचं गणित मात्र उलटं आहे. जाताना हलकी, येताना चिऱ्यानं भरलेली. भरून उतरायचं आणि रिकामं चढायचं असा धंदा असता तर मीच म्हटलं असतं, पहिली इलेक्ट्रिक याच रस्त्याला लावा. तुमचं तसं नाही. रत्नागिरीची गाडी डिझेलचीच राहू द्या, आणि घाट हा शब्द घरात पुन्हा काढू नका.

आता मुलाचा निम्मा खर्च. बारा-चाकी भरलेली असताना लिटरला चार किलोमीटर देते असं धरू. डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेबावीस रुपये. तेवढ्याच वजनाच्या इलेक्ट्रिकला किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. ही वीज तुमच्या स्वतःच्या मीटरवर, महावितरणच्या चार्जिंगच्या वेगळ्या दरात, सगळे आकार धरून दहा रुपयांना पडली तर किलोमीटरला साडेबारा रुपये. मुलगा बरोबर. पण तीच वीज हायवेवरच्या चार्जरवर वीस रुपयांनी घेतली तर पंचवीस रुपये. तुम्ही बरोबर! एकच गाडी, एकच रस्ता, मीटर कुणाचं एवढाच फरक. मुलानं कोटेशनच्या मागं जो हिशेब केलाय त्यात विजेचा दर काय धरलाय ते त्याला विचारा. मला वाटतं घरच्या मीटरचा धरलाय, आणि गाडी पाठवतोय चाकणला.

चाकण आपल्यापासून दोनशे साठ-पासष्ट किलोमीटर. आज बाजारात जड इलेक्ट्रिक गाड्या आहेत त्यातली पंचावन्न टनांची एक २८२ युनिटांची बॅटरी घेऊन येते आणि कंपनी स्वतः एका चार्जिंगमध्ये दोनशेच्या आत किलोमीटर सांगते. तुमची बारा-चाकी ३५ टनांची, थोडं जास्त जाईल. तरी भरलेली गाडी कराड-साताऱ्याच्या पट्ट्यात कुठंतरी एकदा प्लग लावल्याशिवाय चाकणला पोचत नाही. आणि येताना खंबाटकी घाटाचा चढ आहे.

बरं, लावायचा कुठं? हायवेवर चार्जर दिसतात खरे, पण ते कारसाठी मांडलेले. पत्र्याची शेड, समोर दोन कार उभ्या राहतील एवढी जागा, मागं हॉटेलची भिंत. तिथं तुमची बारा-चाकी वळणार कुठं आणि उभी राहणार कशी? समजा राहिली. चार्जर साठ किलोवॅटचा असेल तर अडीचशे-पावणेतीनशे युनिट भरायला साडेचार तास जातात, तेही शेजारी दुसरा कुणी लावून बसला नाही तर. दोनशे चाळीस किलोवॅटचा असेल तर तासा-सव्वातासात काम होतं. तसा चार्जर, शिवाय ट्रक आत घेऊन बाहेर काढता येईल एवढी जागा, ही दोन्ही एकत्र तुमच्या रस्त्यावर कुठं आहेत ते मुलाला मोटारसायकलवरनं जाऊन डोळ्यांनी बघून यायला सांगा. मोबाईलच्या नकाशावरचा हिरवा ठिपका चालणार नाही.

मोठ्या गाडीचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो फक्त तुमच्यासारख्यालाच लागू पडतो. तुम्ही लोखंड नेता. इचलकरंजीहून सूत-कापड नेणाऱ्याची गाडी जागेनं भरते, पासिंगचं, म्हणजे कायद्यानं ठरवलेलं, वजन व्हायच्या आधीच डाला (मालाचा हौदा) भरलेला असतो. तुमची गाडी वजनानं भरते. कास्टिंग डाल्याच्या निम्म्यापर्यंतच येतं आणि काटा पूर्ण झालेला असतो. पावणेतीनशे युनिटांची बॅटरी दोनेक टनांची. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी गेली ती वजा केली तरी टन-दीड टन मालाची जागा बॅटरी घेते. टनावर भाडं घेणाऱ्या माणसाला हे दर खेपेला सोसावं लागतं. (दोन टन वर टाकून भागवू असा विचार मनात आला असेल तर तो इथंच सोडा. ओव्हरलोडचं कारण सापडलं की बॅटरीच्या वॉरंटीला कंपनी कशी वागेल ते सांगायला ज्योतिषी नको.)

म्हणून माझं स्पष्ट मत: चाकणला दोन मोठ्या इलेक्ट्रिक आज घेऊ नका. बॅटरी बदलून मिळणाऱ्या जड गाड्या आल्या आहेत, तशी केंद्रं आपल्या हायवेवर उभी राहिली तर हे मत मी स्वतः खोडून टाकेन.

तुम्ही म्हणाल, मग सहा-चाकी तर हक्काच्या! शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. सगळं तीस किलोमीटरच्या आत, रोज संध्याकाळी गाडी उचगावात. कुणीही हेच सांगेल, आणि मीही वही उघडेपर्यंत हेच म्हणत होतो.

वही अशी. सहा-चाकीला डिझेल लिटरमागं सहा किलोमीटर धरलं तर किलोमीटरला पंधरा रुपये. इलेक्ट्रिकला पाऊण-एक युनिट, घरच्या मीटरवर आठ रुपये. सात रुपये वाचले. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट, डीईएफ (धूर साफ करायला टाकतात ते द्रव) यांचा एक रुपया त्यात घाला. आठ. तुमच्या मुलानं आणलेल्या कोटेशनमध्ये डिझेल आणि इलेक्ट्रिकमधला फरक सत्तावीस लाखांचा आहे असं तुम्ही खाली लिहिलंय. अनुदानाचे सात मिळाले असं धरलं तरी वीस लाख जास्तीचे. अकरा टक्क्यांनी पाच वर्षांचा त्याचा हप्ता महिन्याला साडेत्रेचाळीस हजार. आठ रुपये वाचवून साडेत्रेचाळीस हजार काढायचे तर गाडी महिन्याला साडेपाच हजार किलोमीटर पळाली पाहिजे, सव्वीस दिवसांत वाटलं तर रोज दोनशे दहा. तुमची पळते नव्वद. नव्वदवर महिन्याला वाचतात एकोणीस हजार. उरलेले चोवीस-पंचवीस हजार तुमच्या खिशातनं.

म्हणजे घोळ कुठं आहे ते दिसलं का? गाडी कमी पळाली तर हप्ता निघत नाही, लांब गेली तर चार्जिंग मिळत नाही. इलेक्ट्रिक ट्रकला भरपूर चालून गावातच राहणारं काम लागतं. आपल्याकडं गुऱ्हाळाच्या चरकाला बैल जुंपायचे तेव्हाची गोष्ट आठवा. बैल दिवसभरात कोसच्या कोस चालायचा आणि संध्याकाळी त्याच गोठ्यात असायचा. असं काम तुमच्याकडं आहे का, हा खरा प्रश्न. गाडी चांगली की वाईट, हा नव्हे.

मला वाटतं आहे. फक्त तीन गाड्यांत वाटून गेल्यामुळं दिसत नाही.

तीन सहा-चाकी मिळून रोज पावणेतीनशे किलोमीटर करतात. दिवसाला नव्वद किलोमीटर म्हणजे चालत्या गाडीचे जेमतेम तीन-साडेतीन तास. उरलेला वेळ ती कुठं असते? फाउंड्रीच्या गेटवर नंबर लावून, क्रेन मोकळी होण्याची वाट बघत, किंवा मशिनशॉपचा स्टोअरकीपर जेवून यायची वाट बघत. हे मी बावीस वर्षं हॉल्टिंगच्या रकान्यात लिहिलंय, आणि त्यातलं निम्मं कधी मिळालं नाही. एका इलेक्ट्रिक गाडीनं दोन पाळ्यांत, दोन ड्रायव्हर लावून, आजच्या दोन गाड्यांचं काम केलं तर तिचे दिवसाला एकशे ऐंशी-दोनशे होतात. रात्रपाळीत भट्ट्या चालणाऱ्या फाउंड्र्या आपल्याकडं कमी नाहीत. रात्री माल उचलायला त्यांची तयारी आहे का एवढं विचारा. एखादी बाहेरची खेप मिळवली की दोनशे दहा गाठले. म्हणजे दहावी गाडी घ्यायची नाही, दोन जाऊन एक यायची. तुमच्या घरात हा हिशेब कुणी मांडला नसावा, कारण तुम्ही दोघंही "घ्यायची की नाही" यावरच अडलाय, "काय विकायचं" यावर कुणी आलेलंच नाही.

आता त्या नंबर लावून उभं राहण्याचा उपयोग करून घ्या. डिझेल गाडी उभी असली की वेळ वाया जातो. इलेक्ट्रिक गाडी चार्जरजवळ उभी असली की पोट भरून घेते. ज्या फाउंड्रीचं काम तुमच्याकडं सगळ्यात जास्त आहे तिच्या मालकाला जाऊन भेटा आणि लोडिंगच्या जागेशेजारी एक चार्जर बसवायचं बोला. फाउंड्रीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) चालवणाऱ्या माणसाला मॅक्झिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढायच्या विजेची मर्यादा, काय असते आणि ती चुकीच्या वेळी ओलांडली तर बिल कसं फुगतं हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. भट्टी पूर्ण जोरात असताना चार्जर बंद, भट्टी ओतायला घेतली की चार्जर चालू, एवढी शिस्त तो लावू शकतो. गाडी चार्ज करून देण्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. मीटर वेगळं की त्यातच, दर कुठला, हे मात्र महावितरणकडनं लेखी घ्या. तोंडी सांगणारा साहेब वर्षभरात बदलून जातो.

उचगावच्या तुमच्या जाग्यात रात्रीसाठी एक चार्जर लागेलच. साठ किलोवॅटचा एक बसवायचा तर आजचं तुमचं कनेक्शन त्याला पुरणार नाही. लोड वाढवून घ्यायचा, अंतर जास्त असेल तर केबल, पुढं दोन-तीन चार्जर झाले तर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. गाडीचं बुकिंग करायच्या आधी हा अर्ज करा. दारात गाडी आणि मीटर मंजुरीत, अशी अवस्था झाली तर हप्ता कुणासाठी थांबत नाही. आणि मालक, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ विसरू नका. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि गाड्यांच्या रांगा दिवसच्या दिवस उभ्या होत्या. तुमच्या जाग्यात त्या दोन्ही वेळी पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर असेलच. चार्जर आणि पॅनेल त्या खुणेच्या वर, पक्क्या कट्ट्यावर. पूर ओसरल्यावर डिझेल गाडीचं ऑइल बदलून, इंजिन साफ करून शिरोली नाक्यावरचा मिस्त्री ती चालू करून द्यायचा. बॅटरीत पाणी गेलेल्या गाडीला तो हातही लावणार नाही, आणि लावूही नये. नारिंगी केबल, म्हणजे जबर दाबाची वीज, दिसली की लांब राहायचं, एवढं तरी तुमच्या सगळ्या पोरांना आधी शिकवा.

चाकणच्या कंपनीच्या शब्दाबद्दल माझा आवाज थोडा चढणार आहे. "ज्याच्याकडं इलेक्ट्रिक त्याला पहिलं भाडं" हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं? पर्चेसच्या साहेबानं चहा पिताना? कागदावर आहे का? मोठ्या कंपन्यांना आता आपला माल कुठल्या धुरातनं आला याचाही हिशेब द्यावा लागतो, त्यामुळं त्यांची गरज खरी आहे. म्हणूनच ती गरज त्यांच्याकडनं लिहून घ्या. तीन वर्षांचा करार, महिन्याला ठरावीक किलोमीटरची मिनिमम गॅरंटी, गाडी पळो न पळो तेवढं भाडं, आणि त्यांच्या गेटच्या आत ट्रकला लावता येईल असा चार्जर. चाकणच्या गेटवर तुमच्या गाड्या तसंही चार-चार तास उभ्या असतातच. हे द्यायला तयार असतील तर मोठ्या गाडीचं गणित पुन्हा मांडू. तयार नसतील तर त्यांना हिरवी गाडी तुमच्या हप्त्यावर पाहिजे आहे, असं समजा.

सवलतींचं पटकन सांगतो, कारण मुलानं हे बरंच वाचलेलं दिसतंय. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकसाठी पाचशे कोटी ठेवलेत, जुलै २०२५ मध्ये त्याचे नियम आले, वजनगटाप्रमाणे एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख मिळतात. ते तुमच्या हातात येत नाहीत, किमतीतनं कमी होतात. आधी येईल त्याला आधी, आणि देशभरात मिळून गाड्या साधारण ५,६०० च, त्यामुळं अनुदान उरलंय का हे बुकिंगच्या दिवशी विचारायचं. परमिट इलेक्ट्रिक मालगाडीला २०१८ पासून लागत नाही. राज्यात मोटार वाहन करातही माफी आहे. टोलमाफीच्या बातम्या मात्र कार आणि बसच्या आहेत. ट्रकचा टोल शून्य धरून हिशेब केला असेल तर किणी आणि तासवडे हे टोलनाके पुन्हा त्यात घाला. या योजनेत बॅटरीला पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटर वॉरंटी द्यावी लागते. रोज दोनशे दहाप्रमाणे तुमचे पाच वर्षांत सव्वातीन लाख होतात, म्हणजे तुमचा हप्ता आणि बॅटरीची वॉरंटी साधारण एकाच दसऱ्याला संपतील. त्यानंतर त्या गाडीला गिऱ्हाईक कोण? डिझेलची सात-आठ वर्षांची गाडी निपाणीपासून हुबळीपर्यंत कुणीही रोख देऊन नेतो. वापरलेल्या इलेक्ट्रिक ट्रकचा असा बाजार आपल्याकडं अजून बसलेला नाही. फायनान्सवालाही हेच बघून व्याज चढं लावतो आणि मुदत कमी देतो. म्हणून पाच वर्षांनी गाडीची किंमत शून्य धरून बघा. तरी वही जुळत असेल तर पुढं चला.

आता ड्रायव्हर. अठरा वर्षांचा माणूस गाडी बदलली म्हणून नोकरी सोडत नाही. मी सरळच बोलतो, कारण या गोष्टीवर सगळ्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नाही. तुम्ही त्याला खेपेला डिझेल ठरवून देता. नीट चालवून जे वाचतं ते त्याचं. पगार आणि भत्त्याच्या बरोबरीनं ही त्याची तिसरी कमाई आहे, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही अठरा वर्षं त्याकडं काणाडोळा केलाय, योग्यच केलाय. इलेक्ट्रिक गाडीत ती कमाई एका दिवसात जाते. बॅटरीतनं कॅन भरता येत नाही. तो मोटरला घाबरलेला नाही, घरातल्या महिन्याच्या खर्चाला घाबरलाय. ते तोंडानं सांगता येत नाही म्हणून "मी दुसरीकडं जातो." त्याला एकट्याला बसवा, मुलगा समोर नको, आणि विचारा, महिन्याला डिझेलचे किती सुटतात? आकडा ऐकून रागवायचं नाही. तेवढी रक्कम पगारात घाला किंवा युनिटवर बक्षीस लावा: ठरल्यापेक्षा कमी युनिटांत खेप केली तर वाचलेल्याचा अर्धा भाग त्याचा. उतारावर वीज परत भरायची कला हातावर असते, आणि जुना ड्रायव्हर ती पोरांपेक्षा लवकर शिकतो. मग बघा तो जातो का. त्यात क्लच नाही, गिअर नाही, नव्या गाडीत एसी केबिन. गुडघे दुखायचं त्याचंही वय झालं असेल.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला रात्री झोपताना सुचली. तुम्ही चाकणला नेता ते कास्टिंग कसलं? आपल्याकडच्या फाउंड्र्या वाढल्या त्या ऑइल इंजिनांच्या जोरावर, आणि आजही इथनं सिलिंडर हेड, ब्लॉक, फ्लायव्हीलचं हाउसिंग असं बरंच बाहेर जातं. उद्या रस्त्यावरची डिझेल इंजिनं कमी झाली तर तुमच्या टाकीच्या आधी तुमचा डाला रिकामा होईल. लगेच घाबरायचं कारण नाही. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, व्हॉल्व्ह यांचं कास्टिंग आहे, आणि जड इंजिनं बरीच वर्षं राहतील. पण तुमच्या चार बारा-चाकींत किती टन इंजिनाचं आणि किती टन दुसऱ्या कशाचं, हे बिल्ट्या काढून एकदा मोजून ठेवा. गाडी कुठल्या इंधनावर चालते यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

राहता राहिला मुलगा. त्याला हो किंवा नाही म्हणू नका, काम द्या. एक महिना त्यानं तिन्ही सहा-चाकींबरोबर फिरायचं आणि वही ठेवायची: गाडी किती वाजता निघाली, किती किलोमीटर, किती टन, कुठल्या गेटवर किती वेळ उभी, तिथं विजेची सोय किती लांब. कंपनीकडनं डेमो गाडी आठ दिवस मागायची आणि आपल्या मालानं भरून, आपल्या ड्रायव्हरच्या हातात, आपल्या रस्त्यावर चालवायची. शोरूमच्या पोराच्या हातात रिकामी नव्हे. युनिट किती लागले ते चार्जरच्या मीटरवरनं लिहायचं; गाडीच्या पडद्यावरचा आकडा आणि बिलातला आकडा यांत चार्जिंगच्या गळतीचा फरक असतो. माझे पाऊण युनिट, सव्वा युनिट हे ढोबळ आहेत, तुमचेच खरे. आणि ही वही रोज रात्री त्यानं तुमच्यासमोर वाचून दाखवायची. आईच्या हाती निरोप पाठवून आकडे जुळत नसतात.

जाता जाता, तुम्ही शेवटी विचारलंय की २०११ सालची सहा-चाकी भंगारवाल्यानं मागितलीय, देऊन टाकू का. अजिबात नको. अनुदानाच्या ट्रकला जुना ट्रक नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तीच गाडी तिथं गेली तर कामाचा कागद मिळतो, नाक्यावरच्या भंगारवाल्याकडनं मिळणार नाही. असं प्रमाणपत्र विकतही घेता येतं म्हणतात, पण घरचं असताना विकत कशाला? महिन्याची वही भरेपर्यंत ती गाडी जाग्यातच उभी राहू दे. बॅटरी तेवढी काढून ठेवा, नाहीतर ती कुणीतरी उचलून नेईल.